कोंडसऱ्याच्या बांधावरची फेरी

थंडीच्या दिवसांत कोंडसऱ्याला गेलात, तर संध्याकाळी सगळा गाव खाडीच्या बांधावर चालताना दिसेल. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला कापणी झालेली शेतं आणि मधून ही पायवाट. पाहुण्यांनी विचारलं, की म्हातारे धर्माजी तांडेल कानटोपी सारखी करतात आणि आवडी नावाच्या बाईची हकिकत सांगतात.

पूर्वी म्हणे हा बांध एकाच जागी दरवर्षी फुटायचा. खारं पाणी शिरून जमीन नासायची. शेवटी भगत म्हणाला, "खाडीला जीव हवा." त्याने बोट दाखवलं ते आवडीच्या सुनेकडे. चिमी नुकतीच लग्न होऊन आलेली, परगावची. तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. नवराही मान खाली घालून राहिला.

आवडी चारचौघांत कधी तोंड न उघडणारी विधवा बाई. ती उठून सुनेपुढे उभी राहिली. "हिला हात लावायचा नाय. एवढी थंडी मला द्या. बांध मी राखते. नाय राखला, तर बांधात मला गाडा."

गाव कबूल झाला. रोज संध्याकाळी सासू-सून पाटीने चिखल आणून त्या खिंडाराच्या जागी टाकायच्या आणि दिसेनासं होईपर्यंत तुडवत चालायच्या. गारठ्याने पाय फुटले. लोक हसले. मग एक दिवस चिमीचा नवरा गुपचूप पाटी घेऊन आला. त्याच्यामागून शेजारी आले. पौष सरता सरता सारा गाव चालू लागला.

माघी पौर्णिमेला भर दुपारी उधाण आलं. पाणी काठाला लागताच लोक मागे सरले. आवडी मात्र नेमकी त्याच जागी जाऊन उभी राहिली. चिमीने तिचा हात धरला. ते पाहून एकेक जण परत आला, भगतसुद्धा. पाणी घोट्यांपर्यंत चढलं.

"जीव मागत होतीस ना, बाय?" आवडी खाडीला म्हणाली. "बघ, सगळेच आलोत. एकटं कुणी मिळायचं नाय."

पाणी क्षणभर थबकलं आणि ओसरू लागलं, असं सांगतात. बांध टिकला.

आजही नव्या सुनेला पहिल्या थंडीत सासू हात धरून इथे आणते. दोघी अनवाणी चालतात. एवढं सांगून धर्माजी पाहुण्यांच्या चपलांकडे बघत राहतात. पाहुणे निमूटपणे त्या काढतात.