रांजणातलं चूर्ण

एका राज्यात कुणी आजारी नव्हतं आणि कुणी धडही नव्हतं. वैद्यांच्या खलबत्त्यांत कोळ्यांनी जाळी विणली होती, तरी वेशीवरचा पहारेकरी भाल्याला टेकून पेंगायचा, बाजारातला वाणी गिऱ्हाईक आलं तरी मान वर करायचा नाही, आणि वरातीत नवरदेवच घोड्याच्या मानेवर आडवा व्हायचा. राजा विजयध्वज सिंहासनाच्या पायरीवर बसून न्याय करी, कारण वर चढायचा त्याला कंटाळा येई. न्याय तरी कसला, फिर्यादी आणि आरोपी दोघेही जांभया देत निघून जात.

हे झालं ते एका रांजणापायी. सात वर्षांपूर्वी राज्यात खोकल्याची मोठी साथ आली होती. माणसं खोकून खोकून वाकली. तेव्हा जटाधर नावाचा एक मांत्रिक डोंगरावरून उतरून दरबारात आला आणि त्यानं तांब्याचा रांजण राजासमोर ठेवला. रांजणात चूर्ण होतं. हळद, सुंठ, मिरे, जिरे, ओवा, दालचिनी, हिंग, सगळं आपल्या स्वयंपाकघरातलंच, पण मंत्रून कुटलेलं. रोज सकाळी प्रत्येकानं यातलं चिमूटभर घ्यावं, म्हणजे हळदीनं घसा निवेल, सुंठेनं कफ सुटेल, ओव्यानं पोट हलकं राहील, असं त्यानं सांगितलं. रांजण कधी रिता होणार नव्हता. फक्त चिमटीहून जास्त कुणी घ्यायचं नाही, एवढं बजावून तो आल्या वाटेनं परत गेला.

राजा मनाचा चांगला, पण उतावळा. चिमटीनं एवढा गुण येतो तर पळीभर घेतल्यानं किती येईल, असा विचार त्यानं केला आणि दवंडी पिटवली, की लहानथोर सगळ्यांनी रोज पळीभर चूर्ण घ्यावं. पहिली पळी राजानं स्वतः घेतली. त्याच घटकेला राज्यातल्या सगळ्या मसाल्यांचा जीव गेला. हळद पांढरी पडली, मिऱ्यांचे खडे झाले, हिंगाला वास उरला नाही. मग अन्नाची चव गेली, चवीमागून भूक गेली, आणि भूकच गेल्यावर माणसाला सकाळी उठायला काही कारण उरलं नाही. खोकला गेला, हे मात्र खरं.

राजाच्या मुदपाकखान्यात मथुरा नावाची थोरली आचारीण होती. पूर्वी तिच्या हाताखाली चाळीस बायका राबत आणि ती नुसत्या वासावरून सांगे, की कुठल्या चुलीवरची आमटी उतरवायची वेळ झाली. आता चुली थंड पडल्या होत्या. लोक भिजवलेले पोहे नाहीतर शिळी भाकरी, जे हाताला लागेल ते दोन घास गिळत आणि आडवे होत. मथुरेला राजानं नवं काम दिलं होतं. तिनं रोज तांब्याचा गडवा घेऊन नगरातल्या साऱ्या आळ्या फिरायच्या आणि जो जो आ करील त्याच्या तोंडात पळी रिकामी करायची. सात वर्षं ती हेच करत होती. कुणी तिला बस म्हणायचं नाही, आणि तीही कुणाला कसे आहात म्हणून विचारायची नाही. तिचे पाय घरापासून निघतानाच थकलेले असत.

तिचा नवरा सुभानजी नगारखान्यात नगारची होता. इतर माणसं नुसती दमलेली होती, पण सुभानजी दिवसेंदिवस झडत चालला होता. आधी त्याच्या हातून टिपरी निसटू लागली, मग तो जिना चढेना, मग त्यानं बाज धरली. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. रोग काही नाही, असं ते म्हणाले, पण हा माणूस पौर्णिमा पाहायचा नाही. पौर्णिमेला नऊ दिवस होते. असं का व्हावं ते वैद्यांना कळेना. मथुरेला कळत होतं, पण ती बोलली नाही.

त्या दिवशी ती गडवा घेऊन निघाली ती वाटेतच एका ओट्यावर बसली आणि तिला रडू आलं. ओट्याशेजारी एक साळुंकी दाणे टिपत होती. पूर्वी ती मुदपाकखान्याच्या खिडकीत तांदळाच्या कण्यांसाठी येई, तिची मथुरेशी जुनी ओळख होती. साळुंकी म्हणाली, की मसाल्यांचा जीव मेलेला नाही, तो पळून गेला आहे. हळदीचा रंग वारुळातल्या नागापाशी आहे, मिऱ्याचा तिखटपणा दगडी रानातल्या राघूपाशी आहे, आणि हिंगाचा वास खुद्द जटाधराच्या पेटीत आहे. तिन्ही आणून एका कढईत त्यांची फोडणी पडली, की रांजण भंगेल.

मथुरा राजाकडे गेली. राजा पायरीवर पडून होता. त्यानं सांगितलं, की याच कामावर आपण तीन सरदार धाडले होते, तिघेही परतले नाहीत. तिनं जावं, आपली ना नाही, पण उठून निरोप देता येणार नाही. मथुरेनं शेजारणीला सुभानजीकडे पाहायला सांगितलं. त्या दिवशीची पळी तिनं घेतली नाही, आणि सुभानजीलाही दिली नाही.

दोन दिवस चालून ती वारुळापाशी पोचली. वारुळाच्या तोंडाशी सोन्यासारखी एक हळदीची कांडी पडली होती आणि भोवती नागानं वेटोळं घातलं होतं. जो कुणी हलेल त्याला नाग डसत असे. पहिला सरदार तलवार उपसून आला होता, त्याची ढाल तिथंच गवतात पडलेली होती. मथुरेपाशी ना तलवार होती ना युक्ती. तिचे पाय पार भरून आले होते, म्हणून ती वारुळासमोर खाली बसली, पाठ झाडाला टेकली आणि तिला झोप लागली. नाग तिच्या पायावरून गेला, मांडीवर आला, फणा उभारून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती हललीच नाही. सात वर्षांची झोप होती ती, साधीसुधी नव्हे. सूर्य कलल्यावर तिनं डोळे उघडले तेव्हा नाग तिच्या मांडीवर वेटोळं करून पडला होता.

"बाई, इतकं निवांत माणूस मी पाहिलं नव्हतं," नाग म्हणाला. "कांडी घेऊन जा."

निवांत कसली, मेल्याहून मेली झालेय, असं मथुरेच्या मनात आलं. पण तिनं हात जोडले आणि हळद ओच्यात बांधली.

पुढं दगडी रान लागलं. तिथल्या एकुलत्या एका हिरव्या झाडावर मिरवेल चढली होती आणि वेलीवर राघू बसला होता. त्याच्याशी जो वाद घालील त्याचे पाय जमिनीत रुजत. दुसरा सरदार कमरेपर्यंत दगड होऊन तिथंच उभा होता, आणि पाच वर्षं झाली तरी त्याचं बोट अजून राघूकडे रोखलेलं होतं. राघू मथुरेला म्हणाला, की या रानाचा खरा राजा तोच आहे. मथुरा म्हणाली, असशील बाबा. राघू म्हणाला, की ती चोर आहे. ती म्हणाली, असेन. तिच्या हातचं अन्न कधी चांगलं नव्हतंच, लोक भिडेखातर जेवायचे, असंही राघूनं सांगून पाहिलं. त्यावर मथुरेनं जरा विचार केला आणि तसंही असेल म्हणून सोडून दिलं. वाद घालायला अंगात जोर लागतो, तो तिच्यात उरला नव्हता.

राघूला हे सोसेना. तो खालच्या फांदीवर आला आणि म्हणाला, "तू पोचायच्या आत तुझा नवरा मरेल."

याला मात्र मथुरेला असेल म्हणता आलं नाही. नाही म्हणायचीही तिची छाती झाली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती तशीच उभी राहिली. राघूनं आजवर शिव्या ऐकल्या होत्या, पुरावे ऐकले होते, पण त्याच्यापुढं कुणी नुसतं रडलं नव्हतं. तो बराच वेळ मान तिरकी करून बघत होता. मग त्यानं मिऱ्यांचा एक घोस चोचीनं तोडला, तिच्या पदरात टाकला आणि पाठ फिरवून बसला.

जटाधराच्या डोंगराला हजार पायऱ्या होत्या. मथुरा दहा पायऱ्या चढे आणि बसे, दहा चढे आणि बसे. पौर्णिमेला चार दिवस उरले होते. वरच्या गुहेत जटाधर बसला होता आणि तिसरा सरदार त्याचे पाय चेपत होता. सरदार गोरागोमटा, टवटवीत, वीस वर्षांचा दिसत होता, पण आपण कुठून आलो हे त्याला आठवत नव्हतं. जटाधरानं मांडीवरची पेटी उघडली. हिंगाचा वास गुहाभर पसरला आणि मथुरेच्या तोंडाला सात वर्षांनी पाणी सुटलं.

जटाधर म्हणाला, "बाई, हिंग मागू नकोस, दुसरं काहीही माग. तुझा सारा शीण मी काढून घेतो. पुन्हा जन्मात दमणार नाहीस."

मथुरेला मोह पडला. तिच्या टाचा फुटल्या होत्या, पाठ मोडून आली होती, आणि पुढं पुन्हा हजार पायऱ्या उतरायच्या होत्या. न दमता जगणं कसं असेल, ते ती क्षणभर मनात बघत राहिली. मग तिची नजर त्या टवटवीत सरदारावर गेली.

"शीण राहू द्या," ती म्हणाली. "कुणासाठी दमलेय ते मला ठाऊक आहे. तेवढं विसरायला नको."

जटाधर हसला. आपण शाप दिलाच नव्हता, चिमूट सांगितली होती, असं तो म्हणाला. इथवर जो आला त्यानं राजाचा दोष सांगितला. मग तिनं सांगावं, चूक कुणाची.

मथुरा खाली बसली. जे तिनं सात वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं त्या मांत्रिकाला सांगितलं.

"राजानं पळी मागितली आणि मी भरून दिली. माझा जन्म चिमटीनं घालण्यात गेला. जास्त झालं की काय होतं हे त्या दरबारात फक्त मला कळत होतं, आणि मी गप्प बसले. घरी ह्यांचा खोकला राहीना, तेव्हा मी चोरून ह्यांना दोन पळ्या दिल्या. रोज दोन. खोकला गेला तरी देत राहिले. जिवाचं माणूस म्हणून हात सैल सोडला महाराज. ह्यांना मीच वाळवलं."

जटाधरानं पेटी मिटली आणि तिच्या हातात दिली. सरदारालाही त्यानं जा म्हणून सांगितलं, आणि उतरताना बाईंचा हात धर, हेही सांगितलं.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी मथुरा मुदपाकखान्यात शिरली. चुलीत मांजर व्यालं होतं, ते तिनं पिल्लांसकट टोपलीत हलवलं. लाकडं ओली निघाली, फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झाले. तिनं मुगाचं वरण शिजवलं, भात टाकला, कढईत तूप तापवलं. सात वर्षांत हात विसरला असेल अशी तिला भीती होती. पण चिमूट आपोआप जमली. हिंग पडला, ठेचलेले मिरे पडले, हळद पडली, आणि कढई चुरचुरली.

पहिला ठसका राजाला लागला. तो पायरीवरून उठून बसला. मग पहारेकरी शिंकला, वाणी शिंकला, आळीमागून आळी खोकू-शिंकू लागली आणि डोळे पुसत माणसं दारात आली. दरबारातला रांजण मधोमध चिरला. चूर्ण वाऱ्यावर उडालं आणि घरोघरच्या मिसळणाच्या डब्यांत जिथलं तिथं जाऊन बसलं, हळद हळदीत, जिरे जिऱ्यात. दगडी रानातल्या सरदाराचे पाय सुटले. राजा अनवाणी मुदपाकखान्याच्या दाराशी आला आणि पान वाढायला किती वेळ आहे, असं त्यानं विचारलं. त्याच दुपारी दवंडी पिटली गेली, की यापुढं औषध वैद्यानं द्यावं आणि मसाला स्वयंपाक करणाऱ्याच्या चिमटीनं पडावा, त्यात राजानं हात घालू नये.

पण मथुरा ही दवंडी ऐकायला थांबली नव्हती. वरणभाताचं झाकलेलं ताट घेऊन ती घरी आली. सुभानजी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला हाक मारायचा तिला धीर होईना. तिनं ताटावरचं झाकण काढलं आणि नुसती उभी राहिली. सुभानजीच्या नाकपुड्या हलल्या. तो कुशीवर वळला, कोपरावर उठला, आणि त्यानं पहिला घास घेतला. मग दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला तो थांबला.

"मीठ कमी आहे," सुभानजी म्हणाला.

मथुरेला हुंदका फुटला आणि ती मटकन खाली बसली. मग मीठ आणायला जमिनीला हात टेकून ती उठू लागली, पण पाय उचलेनात. सुभानजीनं ते पाहिलं. बाजेची कड धरून तो हळूहळू उभा राहिला, थरथरला, सावरला.

"बस तू," तो म्हणाला. "मी घेतो."

भिंतीच्या आधारानं तो स्वयंपाकघरात गेला. आत बराच वेळ भांडी वाजत राहिली. एक वाटी पडली, डब्याचं झाकण घरंगळलं. मग आतून त्याचा आवाज आला.

"मीठ कुठं असतं गं?"

संसाराला चाळीस वर्षं झाली होती. मथुरेनं बसल्या जागेवरून सांगितलं, आणि ती उठली नाही.