गुणाजीचा भोंगा आणि मांडवाची मेढ

एका गावात एक भोळा वेळराख्या, म्हणजे घड्याळ सांभाळणारा, होता. नाव गुणाजी. इतका भोळा, की सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा. गावाला त्याचाच त्रास होता.

गावच्या दूध संस्थेत एक कॉम्प्युटर होता. तो सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला छपरावरचा भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की लोक किटल्या घेऊन यायचे, मग टँकर दूध घेऊन जायचा. कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा. लिनक्स म्हणजे काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण चेअरमन दौलतआबांनी ते संस्थेच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं.

या कॉम्प्युटरचं घड्याळ रोज थोडं मागे पडायचं. ते सांभाळायला गुणाजीला ठेवलं.

पलीकडच्या गावच्या बापूंना कलावती नावाची मुलगी होती. गुणाजीने तिला एकदा पाहिलं आणि तेव्हापासून त्याला भाकरी गोड लागेना. बापू म्हणाले, "नोकरी कायम झाली की मुलगी देतो." आबा म्हणाले, "भोंगा टायमात वाजला की कायम करतो." म्हणजे गुणाजीचं लग्न त्या भोंग्यावर अडलं होतं.

पहिल्याच दिवशी आबांनी त्याला समजावलं. "हातातलं घड्याळ बघायचं. त्यात जे वाजलं असंल ते कॉम्प्युटरला लावायचं. कळलं?"

"कळलं."

गुणाजीच्या हातातलं घड्याळ त्याच्या वडिलांचं होतं. ते कधीचं सव्वाचारावर बंद पडलं होतं. गुणाजीने कॉम्प्युटरला सव्वाचार लावले. थोड्या वेळाने बघतो, तर कॉम्प्युटर पुढे गेलेला. त्याने पुन्हा सव्वाचार लावले. दिवसभर हेच चाललं. भोंगा वाजलाच नाही आणि घरोघरी दूध नासलं.

"आबा, ह्यो कॉम्प्युटर लई पळतोय," गुणाजी घाम पुसत म्हणाला. "पर मी त्येला सहा वाजू दिलं न्हाईत."

आबांनी तालुक्याहून वृषाली मॅडमना बोलावलं. कॉम्प्युटर त्यांनीच बसवला होता. त्या शांत स्वभावाच्या होत्या. म्हणजे तेव्हा होत्या.

"गुणाजी, एका घड्याळावर कधी विसंबायचं नाही," त्या म्हणाल्या. "चौघांना विचारायचं. तिघांचं जुळलं तर ते खरं. जो एकटाच वेगळं सांगतो, त्याला सोडून द्यायचं. इंटरनेटची लाइन आली की कॉम्प्युटर स्वतःच लांबच्या घड्याळांना असं विचारील. तोवर तू विचार. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी टँकरवर नवा ड्रायव्हर आला. ओढ्याला पाणी होतं. त्याने विचारलं, "पुलावरून गाडी जाईल का?" गुणाजीने पारावर बसलेल्या तिघांना विचारलं. तिघेही म्हणाले, जाईल की. तेवढ्यात ओढ्याकडून एक माणूस आला. त्याचे कपडे छातीपर्यंत ओले होते. तो म्हणाला, "गाडी घालू नका, पूल पाण्याखाली हाय."

तिघांचं जुळत होतं. ओला माणूस एकटाच वेगळं सांगत होता. गुणाजीने त्याला सोडून दिलं.

टँकर ओढ्यात आडवा झाला. ड्रायव्हर टपावर बसून ओरडत होता आणि ओढा पांढरा वाहत होता. आबा काठावर डोकं धरून बसले.

"अरं येड्या, पारावरची तिघं सकाळपासनं जाग्यावरनं हलली न्हाईत! जो भिजून आलाय त्येचं ऐकावं माणसानं. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी गुणाजी पहाटेच संस्थेत आला. घड्याळ लावायचं होतं. त्याने रस्त्यावर येऊन भिजलेला माणूस शोधला. एकजण म्हैस धुऊन येत होता. नखशिखान्त भिजलेला. गुणाजीने वेळ विचारली. "सहा झालं असतील की," तो म्हणाला. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. पण ओला भरपूर होता.

गुणाजीने सहा लावले आणि भोंगा वाजला. खरं तर तेव्हा पाचच वाजले होते. सगळा गाव डोळे चोळत, रिकाम्या किटल्या घेऊन हजर. म्हशीच अजून उठल्या नव्हत्या. आबांनी शिव्या घातल्या, तेव्हा गुणाजीने घड्याळ तासभर मागे घेतलं. त्यामुळे तासाभराने भोंगा पुन्हा वाजला. आता लोकांना वाटलं, आग लागली. ते पाण्याच्या घागरी घेऊन आले.

मॅडमना पुन्हा यावं लागलं.

"चालू घड्याळ असं मागे ओढायचं नसतं, गुणाजी. एकदा होऊन गेलेलं काम मग दुसऱ्यांदा होतं. एकदा झालं ते झालं. पुन्हा करायचं नाही. घड्याळ पुढे गेलंच, तर त्याला जरा मंद चालवायचं. हळूहळू जुळतं, कुणाला कळतही नाही. झटका द्यायचा नाही. कळलं?"

"कळलं."

त्याच आठवड्यात गुणाजी आबांना मोटारसायकलवर मागे बसवून बापूंकडे निघाला. लग्नाचं बोलणं करायचं होतं. आबा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते. वेशीपाशी रस्ता वळत होता आणि समोर गावाचा उकिरडा होता.

"गुण्या, बिरेक दाब."

"दाबतोय आबा."

"अरं, जोरात!"

"झटका द्यायचा न्हाई, आबा. हळूहळू. कुणाला कळणारबी न्हाई."

सगळ्यांना कळलं. आबा उकिरड्यात कमरेपर्यंत गेले. तिथूनच ते बोलले, आणि बरंच बोलले. त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच: "फरक लई मोठा असंल, तर हळूहळू करत बसायचं न्हाई. एकदाच, झटक्यात! कळलं?"

"कळलं."

मॅडमना विचारलं तर त्याही म्हणाल्या, की आबांचं बरोबर आहे. घड्याळ फारच चुकलं असेल, तर सुरुवातीलाच एकदा झटक्यात लावून घ्यायचं. गुणाजीने हेही मनात जपून ठेवलं.

पुढे इंटरनेटची लाइन आली. कॉम्प्युटर स्वतःच लांबच्या घड्याळांना विचारू लागला. मॅडमनी गुणाजीला एकच काम दिलं: बघायचं, हात लावायचा नाही. गुणाजीने हात लावला नाही आणि भोंगा टायमात वाजू लागला. आबा खूश झाले. गुणाजी कायम झाला. बापूंनी लग्न ठरवलं.

जाता जाता मॅडम सहज म्हणाल्या, "गंमत माहितीये? हा कॉम्प्युटर आत जगाची वेळ धरून बसतो. आपल्याला दाखवताना तीत साडेपाच तास मिळवून दाखवतो."

त्या सहज बोलल्या. तेवढं नसत्या बोलल्या तर बरं झालं असतं.

लग्न गुणाजीच्या गावात, संस्थेसमोरच्या मांडवात होतं. पत्रिकेवर मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. आबांनी कौतुकाने त्या वेळेला भोंगा लावून घेतला होता. गुणाजीने पत्रिका पाहिली. ही झाली दाखवायची वेळ. आतली, खरी वेळ काढायची, तर साडेपाच तास वजा. म्हणजे सात वाजून पाच मिनिटं.

सकाळी सातला गुणाजी बाशिंग बांधून मांडवात उभा राहिला. मांडवात एक कुत्रं झोपलं होतं. बाकी कुणी नव्हतं. कलावतीही नव्हती. गुणाजीला रडू आलं. खरंच, उभ्या उभ्या रडला बिचारा. पण मुहूर्त चुकवायचा नव्हता. समोर, मांडवाच्या तोंडाशीच, मुहूर्तमेढ होती. तिला हळदीकुंकू लावलेलं, वर आंब्याचे टहाळे, भोवती हिरवा खण. सात वाजून पाच मिनिटं झाली आणि गुणाजीने मेढीला माळ घातली. मग बाशिंग सोडून, कपडे बदलून तो संस्थेत किटल्या विसळायला गेला.

बारा वाजले. वऱ्हाड आलं, भटजी आले, नवरी बोहल्यावर आली. नवरा कुठे दिसेना. शेवटी आबांना तो किटल्यांत सापडला.

"गुण्या, लगीन हाय न्हवं तुझं?"

"झालं की आबा. सकाळीच. येळेवर."

"कुणासंगं?"

गुणाजीने मेढ दाखवली. आबा खाली बसले. बापू लालबुंद झाले. भटजींनी समजावलं, लोकांनी हात जोडले. गुणाजी हलेना. "एकदा झालं ते झालं. पुन्हा करायचं न्हाई, मॅडमनी सांगितलंय."

बापू वऱ्हाड परत न्यायला निघाले. तेव्हा कलावतीच उठली आणि मुंडावळ्या सावरत संस्थेच्या दारात आली. गुणाजीचे धडे एव्हाना दोन्ही गावांना पाठ झाले होते.

"सकाळी मी नव्हते तिथं. तुमचा मुहूर्त चुकला," ती म्हणाली. "किती चुकला?"

"साडेपाच तास."

"म्हंजी थोडा का लई?"

"लई."

"लई चुकलं की काय करायचं?"

गुणाजीने आठवून पाहिलं. "एकदाच, झटक्यात."

कलावतीने त्याचा हात धरून असा झटका दिला, की तो थेट बोहल्यावर येऊन पडला. मंगलाष्टका झाल्या, बारा पस्तीसला भोंगा वाजला, माळा पडल्या. आबांना हुंदका आवरेना. आपण सगळ्यांतून सुटलो, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी नवरीची गुणाजीच्या घराकडे पाठवणी निघाली. दोन्ही गावं मांडवात गोळा झाली होती. बापू डोळे पुसत होते. गुणाजी मात्र जागचा हलेना. तो मेढीकडे बघत होता. तिच्या गळ्यात सकाळची माळ तशीच होती.

"आता काय झालं?" कलावतीने विचारलं.

"हिलाबी माळ घातली हाय. हिला एकटीला टाकून कसं जायचं?"

कलावतीला हसू आलं. नवऱ्याचा भोळेपणा तिला आवडला होता. ती थट्टेने म्हणाली, "मग घ्या की तिलाबी संगं."

"कळलं," गुणाजी म्हणाला.

मांडवाचा सगळा भार त्या मेढीवर होता. गुणाजीने तिला आधी हळूहळू हलवून पाहिलं. जमेना. मग त्याने दोन्ही हातांनी मिठी घातली आणि एकदाच, झटक्यात उपटली.

मांडव खाली आला. बापू, भटजी, बँडवाले, दोन्ही गावं, सगळे कापडाखाली. बाहेर उभे होते ते गुणाजी, त्याच्या खांद्यावरची मेढ आणि कलावती. कापडाखालून आबांचा आवाज आला, "गुण्याऽऽ!"

तेवढ्यात छपरावरचा भोंगा वाजला.

गुणाजीने मेढ सावरली आणि खाली वाकून म्हणाला, "आबा, उठा. सहा वाजलं. दुधाची येळ झाली."