म्हाळसेला विचारलेला प्रश्न

एका राजधानीत एक नेत्रवैद्य राहत. त्यांना दोन मुलं. धाकट्या रायाजीला कापसाच्या व्यापाराची गोडी. थोरली म्हाळसा मात्र बापाजवळ बसून डोळ्यांची विद्या शिकली. वैद्य वारले, तरी त्यांच्या ओसरीवरची रोग्यांची गर्दी हटली नाही. लोक म्हणत, "म्हाळसाबाईंचा हात बापापेक्षा हलका."

तिथला राजा दरवर्षी जाणत्यांची सभा भरवी. तीत वैद्यांचं आसन मोकळं झालं, तेव्हा दरबारचा हुजऱ्या दारी आला. म्हाळसेनं दार उघडलं.

"घरात कोणी आहे का?"

"मी आहे."

"तसं नव्हे, बाई. पुरुषमाणूस?"

रायाजी सभेत जाऊन बसू लागला. त्याला तिथलं काही कळत नसे. तो घरी आला, की म्हाळसा ताट वाढायचं विसरून विचारी, "आज कोणी काय विचारलं?" तो आठवेल तसं सांगे. मग ती चुलीपुढे बसून एकेका प्रश्नाचं उत्तर देई, जणू सारी सभा समोर बसून ऐकते आहे.

एका वर्षी गावोगाव मुलांचे डोळे आले. राजानं सभेत उपाय विचारला. रायाजीनं ते घरी सांगताच म्हाळसा म्हणाली, "त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवा म्हणावं. आणि प्रत्येक मुलाचा पंचा वेगळा ठेवा." रायाजीनं तसं जाऊन सांगितलं. उपाय लागू पडला. राजानं भर सभेत त्याच्यापुढे सोन्याचं कडं धरलं.

रायाजीचा हात पुढे झाला आणि थांबला. घेतलं असतं तर कोणाला कळणार होतं?

"महाराज, ही विद्या माझी नाही. माझ्या अक्काची आहे."

राजा खूश झाला. "वा! मग त्यांना आमच्याकडून पैठणी द्या."

म्हाळसेनं पैठणीवरून हात फिरवला. "छान आहे. पण राया, महाराजांनी मला काही विचारलं का?"

"नाही, अक्का."

पुढच्या वर्षी हुजऱ्या आला, तेव्हा रायाजी म्हणाला, "वैद्य ही आहे. न्यायचं तर हिला न्या." हुजऱ्या हसून परत गेला. आसन रिकामं राहिलं. आता म्हाळसेच्या कानावर सभेतले प्रश्नही येईनात. सभेच्या दिवसांत तिचं कशात मन लागेना. एकदा ती म्हणाली, "राया, तू जात होतास तेच बरं होतं रे." तरी रायाजी गेला नाही.

वर्षं सरली. म्हाळसेचे केस पांढरे झाले. एक दिवस राजाची नजर त्या रिकाम्या आसनावर गेली.

"इथं कोणी का बसत नाही?"

"महाराज, तिथली वैद्य बाई आहे," प्रधान म्हणाला.

"आणि मी तिला लुगडं पाठवलं," राजा पुटपुटला.

त्यानं म्हाळसेला नाव घेऊन बोलावणं धाडलं. ती आली, आसनावर बसली. राजा तिच्याकडे वळला. "वैद्यबाई, उतारवयात नजर धूसर का होते?"

म्हाळसा बोलेना.

"प्रश्न कळला नाही का?"

"कळला, महाराज. पण पुन्हा एकदा विचारता का? फार वाट पाहिली मी त्याची."

राजानं प्रश्न पुन्हा विचारला. सावकाश, तिचं नाव घेऊन.

तात्पर्य: जाणत्याचा मान बक्षिसात नसतो, त्याला विचारण्यात असतो. जिच्यापाशी ज्ञान आहे, तिलाच विचारावं, आणि तिचे केस पिकण्याआधी विचारावं.