बसा ना, साहेब

पूर ओसरून चार दिवस झाले होते आणि चंद्राबाई खवरेंच्या अंगात बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. साहेब पाहणीला येणार म्हणून नगरपालिकेनंच सगळ्या गल्लीकडून घरं धुऊन घेतली होती. आता तेच साहेब कडक इस्त्रीत आत येऊन म्हणाले, "घर तर लख्ख आहे, मावशी! फरशी पुसलेली, भिंतींवर चिखलाचा ठिपका नाही. पाणी शिरलं होतं असं मी कसं लिहू? मदत म्हटलं की सगळेच रडतात."

दाराबाहेर गल्ली मान खाली घालून उभी होती. बाकीच्या घरांचाही निकाल इथंच लागणार होता.

चंद्राबाईंनी वाद घातला नाही. वाद घालायलाही दम लागतो. त्यांनी दिवाणावरच्या गादीवर एक धुतलेली चादर अंथरली आणि म्हणाल्या, "असू दे साहेब. फिरून दमला असाल. बसा ना."

साहेब ऐसपैस बसले. गादीनं पोटात ठेवलेला पूर पचकन बाहेर टाकला. साहेब ताडकन उठले, तेव्हा त्यांची पँट मागून गढूळ पाण्यानं निथळत होती.

"आता खुशाल लिहा, घर कोरडं आहे म्हणून," चंद्राबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "फक्त जाताना गल्लीकडे पाठ करू नका."