आज रंग नाही

नाटक मंडळ्या बसगाड्यांतून गावोगाव फिरत असत, तेव्हाची ही गोष्ट. अशाच एका मंडळीत विश्राममास्तर नावाचे वृद्ध रंगभूषाकार होते आणि केतकी ही त्यांची शिष्या.

नायिकेची कामं करणाऱ्या इंदुमतीबाईंचा चेहरा रोजच्या रंगाने निस्तेज झाला होता. केतकीने शहरातून चेहऱ्याला लावायच्या सौम्य ग्लायकोलिक ॲसिडची बाटली आणली. पहिल्याच वेळी त्वचा अशी उजळली की बाई हरखून गेल्या. मग केतकी ते रोज लावू लागली. गुण लवकर यावा म्हणून जोडीला दुसरं ॲसिडही आलं. वर भर उन्हातले प्रवास होतेच.

मिरजेच्या दुपारच्या प्रयोगाआधी बाई रंगपटात आल्या, तेव्हा त्यांचे गाल लालभडक झाले होते. नुसतं पाणी लागलं तरी झोंबत होतं. केतकी घाबरून जाड रंग कालवू लागली. मास्तरांनी तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

"आज रंग नाही."

"मास्तर, राणीची भूमिका आहे! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

त्यांनी बाईंचा चेहरा गार, ओल्या फडक्याने हलकेच टिपला, साधं व्हॅसलिन लावलं आणि त्यांना तसंच रंगमंचावर पाठवलं. पुढच्या रांगांत थोडी कुजबुज झाली. पण बाईंचा आवाज लागला आणि सभागृह निःशब्द झालं.

प्रयोगानंतर केतकी रडू लागली. "मी त्यांचं भलंच करायला गेले होते."

"ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले. "अगं, आमच्या वेळी प्रयोग संपला की सगळे तोंडाला खोबरेल फासून बसायचे. गप्पा चालायच्या, कुणी पद म्हणायचं. रंग आपसूक सुटेपर्यंत कुणी उठत नसे. गेले ते दिवस. तुझ्या ॲसिडला मी वाईट म्हणत नाही. त्वचा जुना थर स्वतःच टाकत असते, ते तिला हातभार लावतं. तू मात्र तिला सावरायला अवधीच दिला नाहीस. मेलेलं निघून गेलं, मग जिवंत सोललं गेलं. एका वेळी एकच ॲसिड, तेही आठवड्यातून एखाद्या रात्री. दिवसा सनस्क्रीन चुकवायचं नाही. आणि झोंबू लागलं की थांबायचं, झाकायचं नाही. उद्या बाईंना डॉक्टरांकडे घेऊन जा."

चेहरा पूर्ववत व्हायला बरेच दिवस गेले. तोवर मास्तर वयोमानामुळे मंडळी सोडून गावी परतले होते. एके दिवशी बाई आरशासमोर बसत म्हणाल्या, "केतकी, आता लावू या ना ते तुझं ॲसिड?"

केतकीने थेंबभर त्यांच्या कानामागे लावलं आणि बाटलीला बूच घातलं.

"एवढंच?"

"आज एवढंच. इथे झोंबलं नाही, तर परवा बघू," ती म्हणाली, आणि शांतपणे बाईंचे केस विंचरू लागली.