हणमंताचं चाकांवरचं घर

एका गावात एक भोळा माणूस होता. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या गावात होता आणि तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. कारण त्याचं घरच चाकांवर होतं.

त्याचं नाव हणमंता. त्याची बायको सुगंधा जत्रेजत्रेत बांगड्या भरायची. आज या देवाची जत्रा, आठवड्यानं त्या देवीची. दर वेळी बिऱ्हाड कुठं टाकायचं? म्हणून दोघांनी भंगारात निघालेली शाळेची बस घेतली. आतली बाकडी काढली, खाट टाकली, खिडकीशी शेगडी मांडली. झालं घर. बारा महिने मुक्काम तिथंच.

गाडी चालवण्यात हणमंताचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्याला कुणी काही सांगितलं की तो ते ऐकायचा. आणि ऐकलं की अगदी तस्संच करायचा. सगळी भानगड तिथं होती.

एकदा माळावर गाडी पंक्चर झाली. हणमंता खाली उतरला. त्यानं चाकाकडे बघितलं आणि चाकाशेजारी मांडी घालून बसला. तास गेला, दोन तास गेले.

"अहो, काय करताय?" सुगंधानं खिडकीतून विचारलं.

"मेस्त्रीची वाट बघतोय."

"त्याला बोलावलं कुणी?"

"ते काय माहीत नाही."

सुगंधानं कपाळाला हात लावला. "अहो, मेस्त्री असा आपणहून येतो का? जे बिघडलं असेल ते काढायचं आणि उचलून मेस्त्रीकडे न्यायचं."

"बरं झालं सांगितलंस," हणमंता म्हणाला. "पुढच्या वेळी तसंच करीन."

पुढच्या वेळी दाराची कडी तुटली. सुगंधा ओढ्यावर धुणं धुवायला गेली होती. हणमंतानं दार काढलं, डोक्यावर घेतलं आणि एक कोस चालत मेस्त्रीकडे गेला.

"अरे, कडी तेवढी आणायची," मेस्त्री म्हणाला. "दार कशाला?"

"कडी दारालाच आहे," हणमंता म्हणाला.

मेस्त्रीनं हातोडा घेतला. त्यानं कडी ठोकून दिली. हणमंता दार घेऊन परत आला. कडी आता अशी भक्कम होती की चोराची माय व्याली तरी उघडली नसती. पण घरात पाच शेळ्या होत्या. दोन पिठाच्या डब्यात, दोन खाटेवर आणि एक भिंतीवरचं कॅलेंडर खात होती. ती श्रावणापर्यंत आली होती.

सुगंधा ओलं धुणं घेऊन दारात उभीच राहिली. "अहो, एवढं मोठं भोक उघडं टाकून जातात का कुणी? गाडीला भोक दिसलं की आधी बुजवायचं!"

"बरं झालं सांगितलंस. पुढच्या वेळी तसंच करीन."

पुढची वेळ यायला फार दिवस लागले नाहीत. सकाळी उठून हणमंतानं गाडीभोवती चक्कर मारली. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, ती त्यानं भिजवलेल्या कणकेनं बुजवली. किल्लीच्या भोकात साबण भरला. मग तो वाकून गाडीच्या मागच्या बाजूला बघतो तर काय, खाली हे एवढं भोक! गोल, काळं, हात जाईल एवढं. इतकी वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही, याचंच त्याला नवल वाटलं. त्यानं आपलं जुनं धोतर आणलं आणि ठासून ठासून भरलं.

ते भोक सायलेन्सरचं होतं.

सुगंधानं सुईनं टोकरून टोकरून साबण काढला, तेव्हा कुठं किल्ली आत गेली. गाडी एकदा खोकली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. या वेळी मेस्त्रीला बोलावून आणावं लागलं. तो गाडीखाली झोपला आणि धोतराचं टोक धरून ओढायला लागला. जादूगार तोंडातून रुमाल काढतो तसं ते धोतर येतच राहिलं. पाच वार पूर्ण झाल्यावर मेस्त्री म्हणाला, "नेसायचं ते इथं कशाला घातलं?"

"भोक होतं," हणमंता म्हणाला.

सुगंधानं त्याला बाजूला घेतलं. "अहो, ही धुराची वाट आहे. आत कोंडलेलं बाहेर पडायलाच पाहिजे, नाहीतर जीव जातो. जे कोंडलंय त्याला वाट करून द्यायची."

हे बोलणं हणमंताच्या मनाला फार लागलं. आपण धुराचा जीव घेत होतो! दुपारभर तो या विचारात होता. आणखी कोण कोण कोंडून पडलंय या गाडीत? त्यानं खडीसाखरेचा डबा उघडला. उशीचा टाका उसवला. तरी मन शांत होईना. मग त्याला आठवलं, पंक्चरवाला म्हणाला होता, "चाकात हवा कोंडून भरलीये." चाकं होती सहा. सहाही चाकांत हवा बिचारी महिनोन्महिने अंधारात!

तो एकेका चाकापाशी बसला. टोपण काढलं, खिळा लावला आणि "जा बाई, सुटलीस," असं म्हणत म्हणत सगळी हवा सोडून दिली.

सुगंधा चहा ठेवत होती. तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "अहो, आज झाडं उंच का दिसतायत?"

त्या दिवशी सुगंधा रडली. मग डोळे पुसून तिनं स्वतः गाडीखालून जॅक ओढून काढला, पदर खोचला आणि त्याला शिकवलं. "नीट बघा. हा जॅक. हा दांडा. बसलं की खाली जॅक लावायचा आणि दांडा मारायचा. बसलेलं वर येतं. कळलं? बसलं की जॅक."

"बसलं की जॅक," हणमंता म्हणाला. "बरं झालं सांगितलंस."

आता सुगंधाच्या रडण्याला आणखी एक कारण होतं. तिचे वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते. त्यांचा आवाज असा, की बाजाराच्या या टोकाला भाव बोलले तर त्या टोकाचा बैल मान वर करायचा. त्यांचा फोन आला होता. "चाकावरच्या घरात माझी लेक कशी नांदते ते बघायला येतोय. घर धड दिसलं नाही, तर लेकीला घेऊन जाईन."

आणि खरंच, पुढच्या जत्रेत सासरे आले. तिथं देवळासमोर मोठं तळं होतं आणि तळ्याच्या वरच्या अंगाला उतारावर गाड्या लावायची जागा. सुगंधानं घर सारवल्यासारखं लख्ख केलं होतं. खिडक्यांना लुगड्याचे पडदे लावले होते. सासऱ्यांनी पत्रा वाजवून बघितला. कडी लावून बघितली. खाटेवर बसून बघितलं. तोंडानं मात्र एक शब्द नाही. नुसती मान हलवली, पण चांगली हलवली.

"मामा बोलत का नाहीत?" हणमंतानं हळूच विचारलं.

"आठ दिवस बाजारात ओरडून त्यांचा आवाज बसलाय," सुगंधा म्हणाली. "पडू दे त्यांना जरा. मी दुकानावर जाते. तुम्ही काळजी घ्या त्यांची."

हणमंतानं मान डोलावली. बसलाय, होय? मग त्याला काय, सोपं आहे.

सासरे पेटीवर बसून पेंगत होते. हनुवटी छातीला टेकली होती. आवाज राहतो गळ्यात, आणि गळ्याच्या वर हनुवटी. हणमंतानं जॅक आणला, सासऱ्यांच्या मांडीवर उशी, उशीवर पोळपाट, पोळपाटावर जॅक ठेवला आणि दांडा मारला. एक. दोन. तीन. हनुवटी वर आली. चार. पाच. सासऱ्यांची टोपी मागं पडली. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा त्यांना गाडीचं छत दिसत होतं.

"मामा, आला का आवाज वर?" हणमंतानं मायेनं विचारलं.

सासऱ्यांना तोंड उघडायला जागा नव्हती. डोळ्यांतून मात्र पाणी आलं. हणमंताला वाटलं, गुण येतोय. त्यानं आणखी एक मारला. मग जॅक खाली येईना. तो धावत दुकानावर गेला. एक बाई हातात हिरवा चुडा भरून घेत होती.

"सुगंधा," हणमंता मधेच म्हणाला, "मामा वर गेले, ते खाली येईनात."

बाईनं हात ओढून घेतला. तीन बांगड्या फुटल्या. "अगं बाई, गेले?" म्हणत ती उठूनच गेली.

सुगंधा पळत आली. जॅक सोडवला. वडिलांच्या पाया पडली. त्यांनी लेकीकडे बोट केलं, मग आपल्या पिशवीकडे, मग एस्टी स्टँडच्या दिशेला. सगळं कळत होतं.

"आजच्या दिवस राहा आबा," सुगंधा हात जोडून म्हणाली. "उद्या बघू." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, दोन गोष्टी सांगते, पुन्हा सांगायची नाही. एक, ज्याची वस्तू असेल त्याला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. आणि दुसरं, मी गिऱ्हाइकाला बांगड्या भरत असताना मधे बोलायचं नाही."

"बरं झालं सांगितलंस," हणमंता म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. सुगंधा गेली तर दुरुस्तीचं सांगणार कोण? त्यानं मनाशी ठरवलं, या वेळी चुकायचं नाही.

सासरे आत खाटेवर आडवे झाले. हणमंता बाहेर उभा राहिला. कशालाही हात न लावता. तेवढ्यात जत्रेला आलेली एक म्हातारी आली.

"बाबा, चुलीला एक दगड कमी पडतोय. तुझ्या चाकाखालचा हा नेऊ का?"

हणमंताला बरं वाटलं. जगात रीत पाळणारी माणसं अजून होती. दगड त्यानंच ओढ्यातून आणलेला, म्हणजे त्याचाच. "विचारलंस ना आजी? मग ने," तो म्हणाला.

म्हातारी दगड घेऊन गेली. गाडी करकरली. मग हळूहळू उताराला लागली.

हणमंतानं पटकन हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. गाडी सुगंधाच्या नावावर होती. खिडकीत सासरे दिसले. ते दोन्ही हात जोरजोरानं हलवत होते. हणमंतानंही हात हलवला. मग तो दुकानाकडे पळत सुटला.

सुगंधा एका नव्या नवरीला चुडा भरत होती. हणमंता शहाण्यासारखा बाजूला उभा राहिला. एका हाताचा चुडा झाला. दुसरा हात सुरू झाला. नवरी म्हणाली, जरा घट्ट होतायत. त्या काढून दुसऱ्या भरल्या. हणमंता एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. नवरी उठून गेल्यावर सुगंधा म्हणाली, "काय हो? काय झालं?"

"सुगंधा, गाडीला हात लावू का?"

"का? काय झालं गाडीला?"

"उतारावरून निघालीये. मामा आत आहेत."

सुगंधा ताडकन उठली. "अहो, लावा! लावा की हात! धावा!"

हणमंता वाऱ्यासारखा धावला. पण गाडी तळ्यात मधोमध जाऊन उभी होती, खिडक्यांपर्यंत पाण्यात. सासरे टपावर चढून बसले होते. त्यांचं तोंड सारखं उघडत मिटत होतं. आवाज नव्हता ते एका परीनं बरंच, काठावर बायामाणसं होती.

हणमंता छातीएवढ्या पाण्यात शिरला, गाडीपाशी पोचला आणि बॉनेटच्या कडेला तळहात टेकवला. "लावला गं हात!" तो ओरडला.

ट्रॅक्टर आला. सासऱ्यांना उतरवलं. त्यांनी ओल्या अंगानंच लेकीचा हात धरला आणि स्टँडकडे ओढायला लागले. सुगंधानं हात सोडवून घेतला.

"आबा, तुम्ही जा," ती म्हणाली. "मला राग येत नाही असं नाही. पण चार वर्षांत मी सांगितलेलं त्यांनी एकदाही टाळलं नाही. असा माणूस सोडून कुठं जाऊ? सांगायला चुकते ती मी."

सासऱ्यांनी ओलं धोतर पिळलं. ते एस्टीत बसले. सुगंधा पाण्यात भिजलेलं सामान वाळत घालायला मागं राहिली आणि ट्रॅक्टरनं गाडी ओढत मेस्त्रीकडे नेली. चार कोस. हणमंता बॉनेटला हात लावून शेजारून चालत गेला. हात काढ असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मेस्त्रीनं पान्हे काढले आणि म्हणाला, "दादा, हात काढा. बॉनेट उघडायचंय."

हणमंतानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"गाडी तुमच्या नावावर आहे का?"