तीन पुरचुंड्या

एका राज्यात, नदीच्या अलीकडच्या तीरावर, राजा जयकेतू राज्य करत होता. नदी इतकी अरुंद, की पलीकडच्या राज्यातल्या चुलींचा धूर अलीकडून दिसावा. पण पलीकडे पाळणे हलत, आणि अलीकडे ते रिकामे होऊन माळ्यावर जात.

राणी पद्मरेखेचे तीन पुत्र बारशाआधीच तापाने गेले. तिची पाठची बहीण शशिरेखा पलीकडच्या राजाला दिली होती. तिची लेकरे अंगणात धुडगूस घालत.

राणी विचारी, "महाराज, असे का?"

राजा म्हणे, "त्यांची माती निराळी, पाऊस निराळा, माणसेही निराळी. आपले नशीब असे, राणी."

म्हणायला काय जाते! राजा दुष्ट नव्हता. पण हे उत्तर त्याला सिंहासनाबरोबरच वारशात मिळाले होते, आणि त्याने ते कधी तपासले नव्हते.

खरे कारण दुसरेच होते. राजाच्या आजोबांना एका मांत्रिकाने वर दिला होता. राज्यात जे जे नवे आणि उत्तम, ते राजाच्या कोषात जावे. कोषात गेले, की ते प्रजेच्या हातून सुटावे. वर कसला, शापच तो! कुंभाराने न झिरपणारा घडा केला. शिपायांनी तो कोषाच्या झरोक्यातून आत सोडला, आणि कुंभाराचे हात ती कला विसरले. मग लोक शहाणे झाले. मडकी मुद्दाम वाकडी झाली, वीण मुद्दाम विरळ झाली. बाप लेकाला शिकवू लागला, "चांगले करू नकोस, बाळा. घरात राहायचे नाही."

राणीला चौथ्या खेपेस कन्या झाली. बारसे तोंडावर आले आणि तिचेही अंग तापले. राणी तिला उराशी धरून सज्जात बसली. रडायलाही तिला बळ उरले नव्हते. तेव्हा कठड्यावर एक भारद्वाज पक्षी उतरला आणि बोलू लागला.

"राणी, हिचे औषध तुझ्याच कोषात आहे."

"कोषाचे दरवाजे कुणालाच उघडत नाहीत, पक्षिराजा."

"ते प्रश्न विचारतात. राजाचे उत्तर देऊ नकोस. स्वतः पाहिलेस ते सांग."

राणी लेकीला घेऊन कोषाकडे गेली. पहिल्या दरवाजाने विचारले, "पलीकडची माती निराळी आहे?"

"नाही. नदी एकच गाळ दोन्हीकडे टाकते."

दरवाजा उघडला. दुसऱ्याने विचारले, "पलीकडचा पाऊस निराळा आहे?"

"नाही. ढग नदी पाहून थांबत नाहीत."

तोही उघडला. तिसऱ्याने विचारले, "पलीकडची माणसे निराळी आहेत?"

"माझी बहीण तिथे नांदते. आम्ही एकाच आईचे दूध प्यालो."

तिसरा दरवाजा उघडला. आत घडे होते, माग होते, बियाणे होते. काहीच सुकले नव्हते, काहीच गंजले नव्हते. आणि झरोक्याखाली खणाच्या तीन पुरचुंड्या पडल्या होत्या. त्यांवर जो टाका होता तो दोघी बहिणी माहेरी आईजवळ शिकल्या होत्या.

पुरचुंड्यांत तापावरची मुळी होती. अलीकडे ती कुणी पाहिलेली नव्हती, पण पलीकडे कुंपणाकुंपणाला उगवत होती. दरवेळी भाच्याला ताप आल्याचे कळताच शशिरेखेने होडी धाडली होती. घाटावरच्या शिपायांनी 'नवी वस्तू' म्हणून पुरचुंडी कोषात सोडली होती. बिचारीला वाटे, औषध पोचले, तरी भाचा गेला.

राणीने तिथेच मुळी उगाळून लेकीला चाटवली. पहाटे अंग निवले. मग तिने पुरचुंड्या राजापुढे ठेवल्या.

राजाने एकेक पुरचुंडी उचलून पाहिली. "राणी, मला ठाऊक नव्हते."

"मलाही नव्हते. पण हे तुमच्या नावाने झाले."

खिडकीत येऊन बसलेला भारद्वाज म्हणाला, "ज्याची वस्तू त्याच्या दारी राजाने स्वतः नेऊन द्यावी. मग शाप सुटेल."

राजा अनवाणी निघाला. डोक्यावर घडा, खांद्यावर माग, एकेक दार करत सारे राज्य फिरला. म्हाताऱ्या कुंभाराने घडा हाती घेतला, पण चाकावर बसायला तो कितीतरी दिवस धजला नाही. अखेर बसला, आणि मडके सरळ उठले. तेव्हा शाप सुटला. झरोका बुजवला गेला, घाट मोकळा झाला, माळ्यावरचे पाळणे खाली आले.

राजकन्येचे बारसे झाले. आत्याने तिच्या कानात नाव सांगितले. गाणी चालू असताना राणी हळूच उठून महाद्वाराशी गेली. उरलेल्या मुळ्यांची तीन रोपे तिने तिथे लावली होती, कुणीही यावे आणि न्यावे म्हणून. एकेका रोपापाशी ती वाकली. मनात जपून ठेवलेले एकेक नाव तिने त्याच्या पानांत सांगितले, आणि मग लेकीला पाजायला आत गेली.